सरकी कुठी गेली?

नोकरीच्या मुलाखतीबद्दल वऱ्हाडात एक पक्की समजूत आहे. साहेब विचारतो, उमेदवार सांगतो. उत्तर साहेबाला आधीच ठाऊक असतं. ते उमेदवाराला ठाऊक आहे का, एवढंच बघायचं असतं. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंतच्या भरत्या याच पायावर उभ्या आहेत आणि अमरावती-अकोल्यातल्या गल्लोगल्लीच्या अभ्यासिकाही याच पायावर. त्यामुळे मॅकिन्झी, बीसीजी, बेन अशा सल्लागार कंपन्या जी 'केस' नावाची मुलाखत घेतात, ती घरच्यांना समजावून सांगणं हीच उमेदवाराची पहिली फेरी ठरते.

"एक कंपनी असते. तिचा नफा घटलेला असतो. तो का घटला, हे मी अर्ध्या-पाऊण तासात शोधायचं."

"कोनती कंपनी?"

"खरी नसते, बाबा. समजा एक."

"तोटा त्याईचा, हिशोब त्याईचा, अन् कारन तू सांगाव?" वडील चष्मा काढून ठेवतात. "मंग ते काय करून राह्यले?"

सल्लागारीच्या धंद्यावर जगभरात आजवर जेवढी टीका झाली, तिचा अर्क या एका वाक्यात आहे. धंदा मात्र टीकेला पुरून उरला. जेम्स मॅकिन्झी नावाच्या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकानं 1926 साली शिकागोत आपली कंपनी मांडली. बीसीजी 1963 ची, बेन 1973 ची. या मंडळींचा महाराष्ट्राशीही जुना परिचय आहे. 'बॉम्बे फर्स्ट' या संस्थेसाठी मॅकिन्झीनं 2003 साली 'व्हिजन मुंबई' हा अहवाल केला आणि दहा वर्षांत मुंबई जागतिक दर्जाचं शहर कसं होईल ते आकडेवारीसह सांगितलं. ती दहा वर्षं 2013 साली संपली. मुंबईच्या लोकलमध्ये तेव्हा दारात लटकणाऱ्यांना हे कुणी कळवलं नव्हतं.

तर असा हा धंदा, आणि त्यात शिरायला निघालेला मुलगा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला किंवा बडनेऱ्याचा. मग कॅट, मग एखादं आयआयएम. 2015 पासून नागपुरातही एक असल्यानं आईचा डबा पोचण्याची सोय झाली आहे. तिथं पाऊल टाकून चार महिने होतात न होतात तोच, दिवाळीच्या आगेमागे, उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती येऊन ठेपतात. म्हणजे सुट्टीत घरी आलेला मुलगा करंज्या खात तयारी करतो. आणि ही तयारी तोंड मिटून करता येत नाही, ही खरी अडचण. जे डोक्यात चाललंय ते मोठ्यानं बोलून दाखवायचं असतं. मुलाखत घेणाऱ्याला उत्तरापेक्षा तिथवर जाण्याची वाट ऐकायची असते.

अभ्यासिकेत हे जमत नाही. तिथं पंखासुद्धा परवानगी घेऊन कुरकुरतो. कोपऱ्यात कुणी "आधी उत्पन्न बघू, मग खर्च बघू, खर्चाचे दोन भाग" असं पुटपुटू लागला की शेजारचा एमपीएससीवाला आपली बाटली उचलून दुसऱ्या रांगेत जातो. मग उमेदवार वडाळी तलावाच्या काठी नाही तर मालटेकडीवर जातो. अकोल्याचा असेल तर नेहरू पार्कात. सकाळी फिरायला येणारे पेन्शनर हातवारे करत एकटाच बोलणारा तरुण बघतात आणि पोराचं लग्न लवकर करून टाकायला हवं, असं ठरवून पुढं जातात.

घरी ऑनलाइन सराव करावा, तर भिंती पातळ. पलीकडे बंगलोरचा जोडीदार खोटा साहेब झालेला असतो आणि इकडे आपला उमेदवार दिवाणखान्यात बसून ठणकावत असतो, की नाशिकचा कारखाना बंद करावा, सातशे माणसं कमी करावीत. स्वयंपाकघरातून हात पुसत आई येते. पडद्यावर कोण आहे याची तिला पर्वा नसते. "कोनाचं काम नोको सोडवू रे बाबू, सनासुदीचे दिवस आहेत." जोडीदाराला मराठी येत नाही. तो अभिप्रायात लिहितो : कामगारांच्या बाजूचा विचार चांगला केला.

सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे गेस्टिमेट. माहिती हाताशी नसताना आकड्याचा अंदाज बांधायचा. याचे मूळपुरुष भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी. 16 जुलै 1945 रोजी अमेरिकेत पहिला अणुस्फोट झाला तेव्हा या गृहस्थांनी हातातले कागदाचे कपटे खाली सोडले, धक्क्यानं ते किती लांब गेले ते पावलांनी मोजलं आणि स्फोट दहा हजार टन टीएनटीएवढा असावा असं सांगून टाकलं. खरा आकडा साधारण दुप्पट निघाला. अशा अंदाजाला एवढी चूक माफ असते. शिकागोत पियानो सुरात लावणारे किती, हा त्यांच्याच नावावर सांगितला जाणारा प्रश्न अजून केसच्या पुस्तकांत फिरतो आहे. पियानो अमरावतीत शोधावा लागेल.

पण अकोल्यात एका उन्हाळ्यात कूलरच्या किती ताट्या विकल्या जातात, हे विचारून बघावं. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 4,25,817. घरटी पाच माणसं धरली तर पंच्याऐंशी हजार घरं. दहातल्या सात घरी कूलर धरला तर साठ हजार कूलर. कूलरला तीन बाजूंनी ताट्या, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. निम्मी घरं दरवर्षी बदलतात, निम्मी 'यंदा चालून जाईल' म्हणतात. उत्तर नव्वद हजार. इथवर पुण्या-मुंबईचा मुलगाही येतो. पुढचं त्याला सुचत नाही. मुंबईच्या दमट हवेत कूलर चालतच नाही, त्यामुळे तो काय वस्तू आहे हे त्याला सिनेमातूनच ठाऊक. अकोल्याचा मुलगा विचारतो, नळ किती दिवसांनी येतो? महानच्या धरणात पाणी किती? कारण नळ चार-चार दिवसांनी येऊ लागला की बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर असला तरी घरचा कर्ता कूलरची मोटर बंद करतो आणि नुसता पंखा अंगावर घेतो. ताट्यांचा खप उन्हाबरोबर वाढतो आणि पाण्याबरोबर आटतो. पुस्तकात हा फाटा नाही.

अंदाज बांधण्यात वऱ्हाडाला कुणी शिकवावं असं फारसं उरलेलं नाही. वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागा उक्त्या विकल्या जातात. व्यापारी झाडावर फळ असतानाच येतो, बागेत एक चक्कर टाकतो, दोन-चार झाडं निरखतो, एखादी फांदी वाकवून बघतो, मालकाशी भलत्याच विषयावर बोलतो आणि अख्ख्या बागेचा आकडा सांगून इसार देतो. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. अंदाज चुकला तर लाखांनी खड्डा, आणि तो स्वतःच्या खिशाला. मुलाखतीतला अंदाज चुकला तर साहेब नुसता "इंटरेस्टिंग" म्हणतो.

मग अडतं कुठं? बोलण्याच्या क्रमात.

बार्बरा मिंटो 1963 साली मॅकिन्झीत रुजू झाल्या आणि तिथल्या लोकांना लिहायला शिकवता शिकवता त्यांनी दोन नियम घालून दिले, जे आज या धंद्याचे गायत्रीमंत्र आहेत. पहिला, निष्कर्ष आधी सांगा, कारणं मागून. वऱ्हाडी माणसाला नेमकं हेच अशक्य. परतवाड्याची एसटी का चुकली हे सांगताना तो आदल्या रात्रीच्या जेवणाला कोण आलं होतं तिथून सुरुवात करतो, वाटेत त्या पाहुण्याच्या मुलीचं लग्न कुठं झालं ते येतं, जावयाची बदली येते, आणि एसटी शेवटी येते, गोष्टीत आणि फलाटावर दोन्हीकडं. आधीच 'चुकली' म्हणून टाकलं तर ऐकणाऱ्यानं थांबावं कशाला?

दुसरा नियम विभागणीचा. विषयाचे भाग असे पाडायचे की एक भाग दुसऱ्यात घुसता कामा नये आणि सगळे मिळून काही सुटताही कामा नये. हा नियम घरी वापरून पाहण्याची हौस एखाद्याला दिवाळीत येते, कारण तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असतं आणि निमंत्रणाची यादी करायची असते. तो वहीत तीन रकाने पाडतो : आईकडचे, वडिलांकडचे, बाकीचे. पहिल्याच नावाला गाडी रुतते. वडिलांचे आतेभाऊ हे आईच्या मावसबहिणीचे यजमान असतात. शिवाय ते शाळेत वडिलांच्या वर्गात होते आणि सध्या शेजारी राहतात. ते चारही रकान्यांत बसतात, त्यातला चौथा तर वहीत नाहीच. शेवटी आत्या वही ओढून घेते आणि नावं तोंडपाठ सांगते, गावांच्या क्रमानं, बडनेऱ्यापासून मलकापूरपर्यंत, रेल्वेच्या स्टेशनांप्रमाणे. एकही नाव दोनदा येत नाही, एकही सुटत नाही.

क्रम एक वेळ शिकता येतो. अवघड जातं ते साहेबाला उलट विचारणं. केसची सुरुवातच मुळी उमेदवाराच्या प्रश्नांनी व्हायची असते. कंपनी नेमकी काय विकते? नफा कधीपासून घटला? सगळ्यांचाच घटला की हिचाच? हे न विचारता जो उत्तराकडं धावला, तो गेला. इकडं तर बारावीपर्यंत प्रश्न विचारणाऱ्या पोराला 'लय शहाना झाला का बे' एवढंच प्रशस्तिपत्र मिळालेलं असतं. काका बजावतात, "सायबानं इचारलं का बोलाव. सायबाले इचारनं म्हंजे भांडन." पुढं तर मुलानं म्हणायचं असतं, "विचार करायला एक मिनिट मिळेल का?" आणि खरोखर मिनिटभर गप्प बसायचं. वऱ्हाडात मिनिटभर कुणी गप्प बसलं की लोक त्याला पाणी आणून देतात.

या सगळ्यावर उतारा म्हणून एका उमेदवाराला त्याच्या मामानं अकोल्याजवळच्या ओळखीच्या जिनिंगमध्ये नेलं, अशी गोष्ट तिकडं सांगतात. गोष्टीतला मुलगा कोण, यावर तीन घरांचा दावा आहे. दिवाळीचा सुमार म्हणजे कापसाचा हंगाम. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आत हवेत तरंगणारी रुई, आणि काट्याजवळच्या खोलीत हंगामागून हंगाम पाहिलेले दिवाणजी. मामानं सांगितलं, पोराला केस करायची आहे, तुम्ही साहेब व्हा. दिवाणजींनी टोपी सारखी केली. "जिनिंगचा नफा घटला. सांग बाबू, काहून घटला?"

मुलानं प्रश्न विचारले, मिनिट मागितलं, कागद आडवा धरला. हिशेबाला सोपे म्हणून धरलेले आकडे असे : कापूस साडेसात हजार रुपये क्विंटल. रुईचा उतारा चौतीस टक्के, म्हणजे क्विंटलमागं चौतीस किलो रुई. रुईचा भाव खंडीला छप्पन हजार. खंडी म्हणजे 356 किलो, म्हणजे किलोला सुमारे 157 रुपये. चौतीस किलोचे झाले साधारण 5,350. साडेसात हजाराचा माल घ्यायचा आणि साडेपाच हजाराच्या आत विकायचा. क्विंटलमागं दोन हजारांवर तोटा, तोही मजुरी आणि वीज धरायच्या आधी. मुलगा ताठ बसला आणि मिंटोबाईंच्या नियमाप्रमाणे त्यानं निष्कर्ष आधी सांगितला : "हा कारखाना आजच्या आज बंद करायला पाहिजे."

दिवाणजींनी खिडकीबाहेर बघितलं. तिथं बैलासारखा उंच पांढराकरडा ढीग पडला होता.

"रुई त तू धरली," ते म्हणाले. "सरकी कुठी गेली?"

कापसाच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश सरकीच असते. क्विंटलला चौसष्ट किलो सरकी, दोन किलो घट. सरकी साडेतीन हजार रुपये क्विंटल धरली तर तिचेच 2,240 येतात. रुईचे मिळून 7,590 च्या घरात. म्हणजे खरेदी वजा जाता क्विंटलमागं नव्वद रुपये उरतात, आणि मजुरी-वीज त्यातच भागवत जिनिंगवाला या नव्वद रुपयांवर जगतो. आता सरकीचा भाव क्विंटलला तीनशेनं पडू द्या. चौसष्ट किलोवर 192 गेले. नफा संपून शंभराचा तोटा. रुईला हातही लागलेला नाही, कापसाचा भाव तोच, मजूर तेच. सरकीचं तेल निघतं आणि ढेप जनावरांना जाते. बाहेरून पामतेल स्वस्तात उतरलं की सरकीच्या तेलाला कुणी विचारत नाही. मलेशियात झाडं जोमात आली की अकोल्यात दिवाणजी चहा अर्धा पाजतात.

"आमी काय इतके वर्षं धर्मशाळा चालवून राह्यलो का?" एवढं विचारून दिवाणजींनी मुलाला नापास केलं आणि कचोरी मागवली.

कापसात अशा केसेस ढिगानं आहेत. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 साली बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली आणि 1870 साली खामगावची छोटी शाखा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. बाजारपेठेत प्रवेश कसा करावा याचं हे उदाहरण. सरकारनं धंदा करावा का, याचं उदाहरण म्हणजे कापूस एकाधिकार योजना. 1971 चा कायदा, 1972 पासून अंमल : महाराष्ट्रातला सगळा कापूस सरकारलाच विकायचा, हमी भावानं. बाहेर भाव चढला की इथला कापूस रातोरात मध्य प्रदेशात आणि आंध्रात जाई; बाहेर पडला की तिकडचा कापूस वऱ्हाडी होऊन सरकारी केंद्रावर रांगेत उभा राही. सरकारला दोन्हीकडून मार. वऱ्हाडातल्या ट्रकवाल्यांना हे पहिल्या हंगामातच कळलं होतं, आणि त्यांनी त्याबद्दल फी घेतली नाही, भाडं घेतलं.

शकुंतला रेल्वे तर हार्वर्डनं अजून कशी सोडली कोण जाणे. मुंबईच्या डबेवाल्यांवर त्यांनी 2010 साली केस लिहिली, तेव्हा मूर्तिजापूरचं तिकीट काढायला हरकत नव्हती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभाराखाली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अडीच फुटी रुळांची लाइन झाली, कापूस मुंबईकडं न्यायला. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, ही राहून गेली. रूळ खासगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालवणार भारतीय रेल्वे, वर मालकाला मोबदला. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ती 1994 पर्यंत ओढत होतं. एकूण रस्ता दोनशे किलोमीटरच्या आतला. आता गेली काही वर्षं गाडी बंद आहे. अशा केसमध्ये 'अशील कोण?' हा पहिला प्रश्न विचारला की साहेब स्वतःच एक मिनिट मागेल.

16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झाल्यावर सरावात विमान आलं. कंपनीनं अमरावती–मुंबई विमान चालवावं का? बाहेरचा मुलगा दुसऱ्या विमान कंपन्यांची नावं शोधतो आणि फारशी सापडत नाहीत म्हणून खूश होतो. अमरावतीच्या मुलाला स्पर्धक ठाऊक असतो : संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत पोचवणारी अमरावती एक्स्प्रेस. तिच्यात रात्रीची झोप होते, हॉटेलचा खर्च वाचतो आणि पुरणपोळीच्या डब्याचं वजन कुणी करत नाही. शिवाय निम्मा गाव पुण्यात नोकरीला. मुंबईचं विमान घेऊन त्यांनी करावं काय?

केस सुटली तरी मुलाखतीचा एक भाग उरतो, स्वतःबद्दलचा. नेतृत्व कधी केलंत, ते सांगा. इथं अकोल्याचा मुलगा खुलतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. गांधीग्रामहून मंडळांच्या कावडी निघतात, खांद्यांवर पाण्याचे शेकडो भरणे, अनवाणी पोरं, रात्रभर चाल. कुणाचा खांदा कधी बदलायचा, भरणा कुठं हिंदकळतो, ढोलवाले मागं पडले तर काय, पोलिसांनी दिलेल्या वेळेत चौक कसा ओलांडायचा, हे सगळं कुणीतरी बघतच असतं. अर्जात याचं रूपांतर 'दोनशे सदस्यांच्या बहुविभागीय चमूचं रात्रपाळीत नेतृत्व, शून्य गळती' असं होतं. गळतीचा अर्थ साहेब माणसं असा घेतो. मुलानं पाणी धरलेलं असतं.

साहेब हसतो आणि सवयीनं पुढचा प्रश्न टाकतो : या व्यवस्थेत तुम्ही काय सुधारणा कराल? मुलगा एक मिनिट मागतो. मग निष्कर्ष आधी सांगतो : भरणे कमी करावेत, खांदेकऱ्यांच्या पाळ्या आखाव्यात, आणि ढोल शहराच्या वेशीपासून पुढंच वाजवावा. तीन मुद्दे, एकही दुसऱ्यात घुसलेला नाही, काही सुटलेलं नाही. साहेब खूश होऊन लिहून घेतो. हा कागद मंडळाच्या अध्यक्षांच्या हाती लागला तर येत्या श्रावणात आपल्याला कावडीच्या आसपास फिरकू देणार नाहीत, हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून बाहेर पडता पडता तो साहेबाला आपल्या आयुष्यातला पहिला उलट प्रश्न मनापासून विचारतो, की मुलाखतीतली माहिती गोपनीय राहते ना?